पहिला थेंब

(अकरावी विज्ञानला प्रवेश घेणारे विद्यार्थी आणि त्यांचे पालक यांच्यासमोर एका रसायनशास्त्राच्या शिक्षकाने केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मुलांनो, पालकहो, बोलण्याआधी जरा या टेबलाकडे बघा. खालच्या फ्लास्कमध्ये ऑक्झॅलिक अ‍ॅसिड आहे, त्यात डायल्यूट सल्फ्युरिक अ‍ॅसिड घातलंय आणि ते सगळं आत्ताच ६०-७० अंश सेल्सिअसपर्यंत तापवलंय. वर ब्युरेटमध्ये, म्हणजे खाली नळ असलेल्या या खुणांच्या काचेच्या नळीत, जांभळं पोटॅशियम परमँगनेट. एक थेंब सोडतो. गुलाबी झालं. बघत राहा... अजून आहे... आता गेलं. हा दुसरा थेंब. लवकर गेला ना? आणि आता तर थेंब पडतोय न पडतोय तोच रंग नाहीसा होतोय.

असं का व्हावं? मधल्या वेळात फ्लास्क निवलाय, ऑक्झॅलिक अ‍ॅसिडही थोडं खर्च झालंय. म्हणजे क्रिया मंदावायला हवी होती. पण परमँगनेटचं क्षपण होऊन, म्हणजे त्याने इलेक्ट्रॉन घेऊन, मँगनीजचे आयन तयार होतात आणि तेच पुढच्या क्रियेचे उत्प्रेरक, म्हणजे वेग वाढवणारे, ठरतात. पहिल्या थेंबाला मदतीला कोणी नव्हतं. दुसऱ्याची वाट पहिल्याने करून ठेवली.

याच फ्लास्कमध्ये ऑक्झॅलिक अ‍ॅसिडऐवजी मोहर्स सॉल्ट हा लोहाचा क्षार घेतला तर तापवावंही लागत नाही. तिथे लोहाच्या आयनाने फक्त एक इलेक्ट्रॉन द्यायचा असतो, इथे कार्बन-कार्बन बंध तुटावा लागतो. ‘याला गरम करायचं, त्याला नाही’ एवढं मुलं पाठ करतात. कारण मात्र फार थोडी मुलं विचारतात, आणि मला जीव तोडून सांगायचंय ते याच कारणांबद्दल.

आपल्या राज्य मंडळाच्या बारावीच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकात १६ प्रकरणं आहेत. अभिक्रियेचा वेग सहाव्यात, मँगनीज आठव्यात, आणि ऑक्सिडीकरण-क्षपण, म्हणजे इलेक्ट्रॉनांची देवाणघेवाण, तर अकरावीतच होऊन गेलेली. पुस्तकात ही तिन्ही लांब लांब राहतात, फ्लास्कमध्ये ती एका क्षणी एकत्र येतात. या ०.०२ मोलार, म्हणजे लिटरमागे ०.०२ मोल परमँगनेट असलेल्या, द्रावणाचा एक थेंब साधारण ०.०५ मिलिलिटर धरा, तर त्यात परमँगनेटचे सुमारे ६० कोटी अब्ज आयन होतात. मोल हे कण मोजायचं एकक. ते म्हणजे काय, हे फळ्यावर मी कितीही वेळा लिहिलं तरी मुलांच्या चेहऱ्यावर काही हलत नाही. ब्युरेटचा नळ हातात धरून हा हिशोब केला की हलतं. हे मी वर्षानुवर्षं पाहत आलोय.

आता जे बोलणार आहे ते कडू आहे. गावोगावी मुलांची नावं एका कॉलेजच्या पटावर असतात आणि मुलं दिवसभर क्लासमध्ये. प्रयोगशाळेचं दार वर्षातून चार-दोन वेळा उघडतं. जर्नल उतरवून काढलं जातं, रीडिंगसुद्धा मैत्रिणीच्या वहीतलं. बोर्डाचे ७० गुण लेखी आणि ३० प्रात्यक्षिकाचे, त्यामुळे ‘ते ३० तर मिळतातच’ असं घरीही बोललं जातं. सीईटीत, म्हणजे बारावीनंतरच्या प्रवेश परीक्षेत, फिजिक्स-केमिस्ट्री मिळून ९० मिनिटांत १०० प्रश्न सोडवायचे असतात. त्या घाईची धास्ती मी समजू शकतो, माझ्याही घरातून एक मूल त्यातून गेलंय. पण या प्रयोगात सल्फ्युरिकऐवजी हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड का चालत नाही, हा प्रश्न पर्यायांसकट समोर आला की पाठांतर डगमगतं. परमँगनेट त्या अ‍ॅसिडमधल्या क्लोराइडचंच ऑक्सिडीकरण करतं, जास्तीचं खर्च होतं आणि ब्युरेटचं रीडिंग वाढतं. एकदा चुकीच्या बाटलीतलं अ‍ॅसिड घालून फसलेली मुलगी हे विसरत नाही. माझ्या वर्गात अशी एक होती. तिचं उत्तर चुकलं, पण त्या दिवशी वर्गात सगळ्यात जास्त तीच शिकली.

मराठी माध्यमातून आलेल्यांना वेगळं सांगतो. अकरावीत सगळं एकदम इंग्रजीत येतं आणि दहावीत पहिली आलेली मुलं मागच्या बाकावर गप्प होतात. बाळांनो, तुमचे शब्द टाकून देऊ नका. ‘उत्प्रेरक’ या शब्दात प्रेरणा देणारा आहे, तो काय करतो हे शब्दच सांगतो. वहीत इंग्रजी शब्दाशेजारी मराठी शब्द लिहा, दिवाळीपर्यंत दोन्ही तुमचे होतील.

पालकहो, प्रवेशाची फी भरण्याआधी कॉलेजात एक विनंती करा: प्रयोगशाळा उघडून दाखवा. नळाला पाणी आहे का, बर्नर पेटतो का, बाटल्यांवरची लेबलं वाचता येतात का, ते बघा. डोळ्यांवर चष्मे देतात का, विचारा. एका ब्युरेटमागे किती मुलं असतात, तेही विचारा. आणि ब्युरेटचा नळ फिरवून बघा. वापरातला असेल तर तो सहज फिरतो.