मीठ जिथे जाईल, तिथे पाणी

(एका व्याख्यानमालेतल्या भाषणाचं संपादित रूप)

पत्रिकेत विषय छापलाय ‘आतड्यातली क्षारांची ये-जा आणि पोटाचे विकार’. नाव जड वाटेल, पण गाभा एका ओळीत सांगता येतो. पाणी ओढून घेणारा पंप आतड्यात नाही. मीठ जिकडे जातं तिकडे पाणी जातं.

रोज आपल्या लहान आतड्यात ८-९ लिटर द्रव उतरतो. त्यातलं प्यायलेलं जेमतेम २ लिटर. बाकी लाळ, जठररस, पित्त आणि आतड्याचे पाचकरस. शौचावाटे बाहेर पडतं ते १००-२०० मिलिलिटर. मीठ म्हणजे सोडियम आणि क्लोराइड. उरलेलं सगळं पाणी त्यातल्या सोडियमच्या मागोमाग रक्तात परततं. हा व्यवहार उलटा फिरला की काय होतं, हे आपल्या पणज्यांनी पाहिलंय. पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली की मरीआईचा गाडा शिवेबाहेर नेऊन सोडायचे. जोराच्या पटकीत माणूस तासाला लिटरभर पाणी गमावतो. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळी दिसत नसे.

इथे मला डॉ. शंभुनाथ डे यांच्याबद्दल बोलायचंय आणि जरा सविस्तर बोलणार आहे, कारण या माणसाचं नाव आपल्या शाळांत कुणी सांगत नाही. कॉलऱ्याचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८४ साली कोलकात्यात ओळखला. पण तो माणसाला मारतो कसा? आतड्याचं अस्तर सोलवटून निघतं, असा समज कितीतरी वर्षं टिकून होता. डे यांनी सशाच्या आतड्याचा एक तुकडा दोन्ही बाजूंनी बांधला आणि त्यात जंतू सोडले. तुकडा पाण्याने टम्म फुगला. मग त्यांनी जंतू गाळून काढले आणि नुसतं गाळलेलं पाणी सोडलं. तुकडा तरीही फुगला! म्हणजे काम जंतूच्या विषाचं होतं. १९५९ साली हे ‘नेचर’ या विज्ञानाच्या नियतकालिकात छापून आलं. तेही कोलकात्यातल्या साध्या प्रयोगशाळेतून, तुटपुंज्या साधनांवर. हयातीत त्यांना देशाने कुठलाही मोठा सन्मान दिला नाही. १९७८ साली नोबेल परिसंवादाचं बोलावणं आलं, ते स्वीडनहून. याचं मला अजून वाईट वाटतं.

आता ते विष करतं काय? आतड्याच्या पेशीतली एक कळ ते दाबून धरतं. क्लोराइड बाहेर सोडणारी वाट उघडी राहते. सोडियमची नेहमीची आत येण्याची वाट बंद पडते. क्लोराइडमागे सोडियम, सोडियममागे पाणी, असं सगळं बाहेर. अस्तर मात्र शाबूत असतं. आणि त्या अस्तरात एक दार असं आहे की ज्याला हे विष हात लावत नाही. ते सोडियम आणि ग्लुकोज एकत्र आत घेतं. सत्यनारायणाच्या पूजेला जोडप्याने बसतात ना, तसं. एकट्याला तिथे पाट नाही. जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी ही जोडीची कल्पना १९६० साली प्रागमध्ये मांडली.

तिचा कस लागला १९७१ साली, बनगावच्या निर्वासित छावणीत. बांगलादेश युद्धातून आलेली माणसं, कॉलरा, जमिनीवर दाटीवाटीने पडलेले रुग्ण आणि संपत आलेल्या सलाइनच्या बाटल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून नातेवाइकांच्या हाती दिलं : पाजत राहा. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्के होतं, ते ४ टक्क्यांच्या खाली आलं. हीच आपली जलसंजीवनी, म्हणजे ओआरएस.

आणि अगदी अलीकडेपर्यंत? माझ्याकडे आया मूल घेऊन यायच्या, हातात गोड पेयाचं खोकं. वर ठळक अक्षरांत ‘ओआरएस’, आत साखरच साखर. २००२ साली जागतिक आरोग्य संघटनेने लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असं प्रमाण ठरवलं, ते उगीच नाही. साखर जास्त झाली की ती आतड्यातच पडून राहते आणि उलट रक्तातलं पाणी ओढते. जुलाब वाढतात. असल्या पेयांवर ‘ओआरएस’ छापायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२५ च्या ऑक्टोबरात बंदी घातली. तोवर किती लेकरांना ते पाजलं गेलं असेल! पुडी मिळालीच नाही तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. आणि जुलाब होतायत म्हणून पाणी तोडणाऱ्या घरातल्या वडीलधाऱ्यांना आज जाऊन सांगा, दार उघडं आहे, पाजत राहा.

चिठ्ठी आली, दहाच मिनिटं उरलीत. मुख्य विषय तर पुढेच आहे. भराभर सांगतो.

कॉलऱ्यात उघडी राहणारी क्लोराइडची वाट, सीएफटीआर, जन्मतःच नादुरुस्त असली तर सिस्टिक फायब्रोसिस हा आनुवंशिक आजार होतो. आतड्यात पाणी उतरत नाही, काही बाळांची पहिली शी चिकट होऊन आतड्यातच अडकते. वाट तीच, दुखणं नेमकं उलटं.

बद्धकोष्ठतेवरचं लिनाक्लोटाइड मुद्दाम हीच वाट उघडतं, तेही एका जुलाबकारक ई. कोलाय जंतूचं विष जिथे बसतं त्याच जागी बसून. शत्रूची युक्ती औषधाच्या कामी आली, हे मला फार आवडतं.

अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मोठ्या आतड्याला दाह होतो आणि त्याची सोडियम शोषायची ताकद जाते. ते ग्लुकोजचं दार लहान आतड्यात आहे, त्यामुळे जलसंजीवनीने शरीरातलं पाणी भरून निघेल, मूळ दुखणं हटणार नाही. तिथे दाह आवरावा लागतो. म्हणून शौचात रक्त दिसलं तर पुडीवर थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

मुलांना जलसंजीवनीबरोबर झिंक द्यायचं, १० ते १४ दिवस. जुलाब थांबले तरी मध्येच सोडायचं नाही. हां, विचारा आता प्रश्न.