ज्युरी कारण सांगत नाही, मग अपील कशावर?

आपल्याकडे फौजदारी अपील करायचं म्हटलं की वकील आधी निकालपत्र उघडतो. कोणत्या साक्षीदारावर विश्वास ठेवला, का ठेवला, सगळं लेखी असतं. एकेक परिच्छेद खोडून काढता येतो. इंग्लंडच्या क्राउन कोर्टात, म्हणजे गंभीर फौजदारी खटले चालतात तिथं, मात्र बारा ज्युरर (निवाडा करायला बसवलेले सामान्य नागरिक) आत जातात, बाहेर येतात आणि ‘दोषी’ एवढंच सांगतात. का, ते विचारायची सोय नाही. म्हणून तिथला वकील बऱ्याचदा बोट ठेवतो ते न्यायाधीशानं ज्युरीला कायदा समजावून सांगितला त्या भाषणावर. ज्युरीच्या मनात शिरता येत नाही. तिच्या कानावर काय घातलं, ते मात्र नोंदलेलं असतं.

विल्यम्स खटला घ्या, अपिलाचा निकाल 1983चा. आरोपी बसनं कामावरून घरी चालला होता. रस्त्यात एक माणूस एका तरुणाला फरफटत नेत मारताना दिसला. आरोपी तिथं गेला. तो माणूस म्हणाला, मी पोलीस आहे, याला अटक करतोय. ओळखपत्र मागितलं, तर नाही. झटापट झाली आणि आरोपीनं त्याच्या तोंडावर ठोसा मारला. गंमत अशी, की तो माणूस पोलीस नव्हताच, पण तरुणानं खरोखरच एका बाईला लुटलं होतं, म्हणून त्यानं त्याला धरलं होतं!

ज्युरीला सांगण्यात आलं, की तरुणावर बेकायदा हल्ला होतोय हा आरोपीचा गैरसमज प्रामाणिक असून भागणार नाही, त्याला वाजवी आधारही हवा. ज्युरीनं दोषी ठरवलं. अपिलात सरन्यायाधीश लॉर्ड लेन यांच्या पीठानं दोषसिद्धीच रद्द केली. आरोपीला परिस्थिती जशी खरोखर वाटली, तशीच ती धरून चालायचं. समज कितपत वाजवी होती, हे ती खरोखर होती का एवढं तपासण्यापुरतंच. आणि ती नव्हती, हे सिद्ध करायचं सरकार पक्षानं. ही भूमिका पुढे 2008च्या कायद्यात आली.

एक व्यवहाराची गोष्ट. इंग्लंडमध्ये दोषी ठरल्यापासून 28 दिवसांत अपिलाच्या परवानगीसाठी अर्ज करावा लागतो. साक्षीपुरावे पुन्हा पहिल्यापासून तोलले जात नाहीत. दोषसिद्धी ‘असुरक्षित’, म्हणजे भरवसा ठेवू नये अशी, आहे का, एवढंच बघतात. नुसती चूक दाखवून काम होत नाही.

मुंबईलाही हे नवं नाही, एकेकाळी इथंही ज्युरी होती. नौदल अधिकारी नानावटी यांच्यावरच्या खुनाच्या खटल्यात ज्युरीनं 8 विरुद्ध 1 अशा मतानं निर्दोष ठरवलं, सत्र न्यायाधीशांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं, आणि तिथंही ज्युरीला केलेल्या मार्गदर्शनातल्या चुकांवर खल झाला.

पण विल्यम्सचा बचाव आज पुण्यात जसाच्या तसा चालेल, असं समजू नका. आपल्या कायद्यात वस्तुस्थितीबद्दलचा गैरसमज ‘सद्भावनेनं’ झालेला असावा लागतो, आणि योग्य ती काळजी घेतल्याशिवाय सद्भावना मानलीच जात नाही. त्यामुळे इथला न्यायाधीश पहिला प्रश्न विचारेल तो हाच: हात उचलण्याआधी तुम्ही चौकशी काय केली?