पत्र्याची गोलाई

श्रोतेहो, नमस्कार.

ठाण्यात नौपाडा, पाचपाखाडीकडे इमारतीमागून इमारत पुनर्विकासाला जाते आहे. घरं रिकामी होताना माळ्यावरचा काळा डायलचा फोन, बेकेलाइटचा, म्हणजे जुन्या कडक प्लास्टिकचा रेडिओ, पत्र्याचा टेबलफॅन खाली येतात आणि थेट भंगाराच्या टेम्पोत चढतात. त्याआधी त्यांच्याकडे एकदा नीट बघा, एवढं सांगायला मी आज बोलतो आहे.

या वस्तूंना टोकदार कोपरे नाहीत. आगगाड्या-विमानांना हवेचा विरोध कमी व्हावा म्हणून दिलेला वाहता आकार लोकांना इतका भावला, की १९३०च्या दशकात तो घरातल्या वस्तूंवरही आला. रेमंड लोवी या डिझायनरने १९३३ साली पेन्सिलच्या शार्पनरलाही थेंबाचा आकार देऊन पाहिला. टेबलाला घट्ट बसवलेल्या शार्पनरला कुठे धावायचंय, असं टीकाकार म्हणाले. त्यांचं बरोबर होतं, ती हौसच होती.

पण सगळीच गोलाई हौसेची नव्हती. वागळे इस्टेटच्या कारखान्यांत, साचे घडवणाऱ्या टूलरूममध्ये ज्यांनी उमेदीची वर्षं घालवली, त्यांना हे मी सांगायला नको. डायला, म्हणजे पत्रा दाबून वळवायच्या साच्याला, तीक्ष्ण कोपरा ठेवला, की प्रेसखाली पत्रा नेमका तिथेच फाटतो. रेडियस, म्हणजे गोलाई दिली, की निमूट वळतो. बेकेलाइटसुद्धा गरम साच्यात गोल वळणातून नीट पसरतं, टोकदार कोपऱ्याशी तडकतं. शिवाय वळवलेला पत्रा सपाट पत्र्यापेक्षा कितीतरी ताठ. १९४६ची व्हेस्पा घ्या, जी पुढे बजाजने आपल्याकडे बनवली. तिला ट्यूबचा वेगळा सांगाडा नाही, पत्र्याची बॉडीच भार पेलते. ती रचली कोरादिनो दास्कानियो या विमान-हेलिकॉप्टरच्या इंजिनिअरने. पुढचं चाक एकाच बाजूने धरायची कल्पनाही त्याने विमानावरून घेतली.

मला सगळ्यांत जवळचं वाटतं ते सायक्लोस्टाइलचं, म्हणजे स्टेन्सिलवरून शाईने प्रती काढायचं मशीन. शाळांच्या प्रश्नपत्रिका, युनियनची पत्रकं त्यावर निघायची. गेस्टेटनर कंपनीचं जुनं मशीन म्हणजे सगळी यंत्रणा उघडी आणि पाय बाहेर पसरलेले, येणाऱ्या-जाणाऱ्याने अडखळावं असे. १९२९ साली लोवीने मॉडेलिंगच्या मातीत त्यावर एकसंध कवच घडवलं आणि पाय आत घेतले. शाईने माखणारे भाग झाकले गेले, पुसायला एक गुळगुळीत अंग उरलं. दिवसभर त्या मशीनपाशी उभ्या राहणाऱ्या कारकुनाची कदर मला त्या कवचात दिसते, म्हणून ते सुंदर वाटतं.

तुमच्या माळ्यावर जुना फोन असेल, तर रिसीव्हर अंगठ्याने गरम होईपर्यंत घासा आणि वास घ्या. कार्बोलिकचा, म्हणजे जंतुनाशकासारखा वास आला, तर ते बेकेलाइट समजा. मग रिसीव्हर उलटसुलट करून साच्याच्या दोन भागांच्या सांध्याची रेघ शोधा. चांगल्या कामात ती घासून जवळजवळ नाहीशी केलेली असते. फोन उन्हात ठेवू नका, पाण्याने धुऊ नका, सुक्या मऊ फडक्याने पुसा. आणि कृपा करून त्याला रंग देऊ नका.