मावशीकडून अंगणवाडीकडे

नमस्कार श्रोतेहो. आज बोलणं आहे ते गावात राहून नोकरी करणाऱ्या बायांशी: उपकेंद्रातल्या सिस्टर, शाळेतल्या मॅडम, ग्रामपंचायतीत बसणाऱ्या ताई.

दसरा-दिवाळीच्या सुमारास कापूस फुटतो आणि तुमचं लेकरू सांभाळणारी मावशी म्हणते, "बाई, आता मी वेचाले जातो." तिचं काही चुकत नाही. वेचणी किलोवर असते आणि बाजाराच्या दिवशी चुकारा हातात पडतो.

मग घाईघाईनं लेकराला अंगणवाडीत नेऊन बसवतात आणि त्याची नजर चुकवून माय निघून जाते. हे मला फार लागतं. आपल्याला वाटतं, जागाच तर बदलली. लेकराचा मात्र माणूस गेलेला असतो. जिनं रोज भरवलं, जिच्या मांडीवर झोप लागली, ती कुठं गेली हे त्याला कोणीच सांगत नाही.

लेकरू तीन वर्षांचं झालं असेल तर हा बदल वेचणीआधीच, तान्हा पोळा आटोपला की सुरू करा, आणि मावशीला सोबत घेऊन करा. पहिले काही दिवस तिनंच त्याला न्यावं, तासभर बसावं, सेविकाताईंसमोर भरवावं. मग सांगून उठावं, थोड्या वेळानं परत यावं. हा वेळ हळूहळू वाढवायचा. या दिवसांचा तिचा पगार कापू नका. निघताना लेकरू रडेल, रडू द्या. "खिचडी खाऊन झाली की येते" म्हणाल तर तेव्हाच या. लपून गेलात तर घरीही ते तुमचा पदर सोडणार नाही.

ताईंना त्याची झोपेची वेळ सांगा, आणि त्याची बोलीही. मेळघाटात मावशी कोरकू बोलत असेल, यवतमाळ-वाशीमकडच्या तांड्यावर गोरमाटी. लेकरू पाणी मागतं, शू लागली म्हणतं, ते तिच्याच शब्दांत. ते शब्द कागदावर लिहून द्या. चड्डी ओली झाली आणि सगळे हसले, तर ते लेकरू उद्या दारातूनच मागं फिरतं.

सुरुवातीला सर्दी-खोकला होईल. लसीचं कार्ड आधीच पाहून घ्या.

आता खरी अडचण. अंगणवाडी दुपारी सुटते, आणि तीन वर्षांखालच्यांना तिथून घरी न्यायचा आहार मिळतो, दिवसभर सांभाळ नाही. नोकरीवालीला संध्याकाळपर्यंतचं पाळणाघर लागतं. आणि मावशीला? ती तुमचं लेकरू सोडून वावरात जाते तेव्हा तिचा स्वतःचा नातू धुऱ्यावर, झाडाखाली बसलेला असतो. २००५ च्या रोजगार हमी कायद्यानं कामावर सहा वर्षांखालची पाच लेकरं असली तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमून तिला मजुरी द्यायची सोय केली. कापसाच्या वावरात तसं काही नाही.

अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायची केंद्राची 'पाळणा' योजना २०२२ पासून आहे, सहा महिने ते सहा वर्षांच्या लेकरांसाठी. २ ऑक्टोबरला ग्रामसभा भरते. तिथं आपल्या गावासाठी मागणीचा ठराव मांडा. अर्जावर तुमच्या सहीशेजारी मावशीचीही सही किंवा अंगठा घ्या, आणि त्या दिवशी तिला सोबत घेऊन जा.