जोहान्सबर्ग: सोन्याची नगरी आणि सायनाइड

श्रोतेहो, नमस्कार. सोन्यासाठी वसलेलं गाव म्हटलं की नदीकाठी परातीत वाळू चाळणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. दक्षिण आफ्रिकेतल्या जोहान्सबर्गला मात्र धड नदीच नाही. आणि तिथलं सोनं गोट्यांच्या घट्ट थरात इतकं बारीक विखुरलेलं, की टनभर दगड फोडावा तेव्हा मोजके ग्रॅम हाती लागावेत. एकट्यादुकट्याचं ते काम नव्हे.

१८८६ साली लांगलाख्तेच्या शेतात हा थर सापडला. ८ सप्टेंबरला ट्रान्सवाल, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या बोअर प्रजासत्ताकाच्या, सरकारने आसपासची शेतं खाणकामाला खुली केल्याचं जाहीर केलं. गावासाठी जागा निवडली ती कुणाच्याच सातबाऱ्यावर नसलेली, शेतांच्या मधे उरलेली एक त्रिकोणी सरकारी पट्टी. डिसेंबरात भूखंडांचा लिलाव झाला. बहुतेक भूखंड ५० बाय ५० केप फूट (तिकडचं जुनं माप), म्हणजे बाजू सुमारे पावणेसोळा मीटर. रस्त्यांमधले चौकोन मुद्दाम लहान पाडले, म्हणजे कोपरे जास्त. कोपऱ्याच्या जागेला दर जास्त मिळतो ना! छावणी थोड्याच वर्षांत उठेल, असाच बहुतेकांचा हिशेब होता. मध्यवस्तीत आजही तेच आखूड चौकोन दिसतात.

१८८९च्या सुमारास तो हिशेब खरा ठरायची वेळ आली. वरचा दगड हवा-पाण्याने कुजून गंजलेला होता. स्टॅम्प गिरणीत लोखंडी मुसळांखाली तो पाण्यासह कुटायचा आणि पारा फासलेल्या तांब्याच्या पत्र्यांवरून लगदा सोडायचा. सोनं पाऱ्याला चिकटतं. ते खरवडून, पिळून, बंद भांड्यात तापवलं की पारा वाफ होऊन निघून जातो, सोनं मागे राहतं. पण शंभर-सव्वाशे फुटांखाली दगडात पायराइट, म्हणजे लोह-गंधकाचं खनिज, लागला. त्यात अडकलेल्या सोन्याला पारा धड पोहोचेना, बरंचसं सोनं गाळाबरोबर वाहून जाऊ लागलं. शेअर कोसळले, माणसं गाव सोडू लागली.

सुटका झाली ती ग्लासगोच्या प्रयोगशाळेतून. रसायनतज्ज्ञ मॅकआर्थर आणि दोघा फॉरेस्ट बंधूंनी १८८७मध्ये सायनाइडच्या पद्धतीचं पेटंट घेतलं होतं. १८९०मध्ये जोहान्सबर्गच्या सॅलिसबरी खाणीवर तिची चाचणी झाली. कुटलेली रेती मोठ्या टाक्यांत भरायची आणि तिच्यातून पोटॅशियम सायनाइडचं पातळ, एक टक्क्याहूनही कमी द्रावण काही दिवस झिरपू द्यायचं. सोनं विरघळायला हवेतला ऑक्सिजनही लागतो. पुढे ते द्रावण जस्ताच्या किसावरून सोडलं की सोन्याचा काळा गाळ साठतो. तो आम्लाने धुवायचा, टाकणखार घालून वितळवायचा.

घोटाळे दोन ठिकाणी होतात. रेती आंबट असेल तर सायनाइड फुकट खर्ची पडतं, म्हणून आधी चुना. आणि अगदी बारीक चिखलातून द्रावण झिरपतच नाही. तो वेगळा काढून पाण्यात निवळावा लागतो. ही युक्ती जमायला आणखी काही वर्षं गेली.

१८९२मध्ये दक्षिणेच्या केप वसाहतीकडून रेल्वे आली आणि जड यंत्रं बैलगाड्यांऐवजी रेल्वेने येऊ लागली. १८९६च्या जनगणनेत वस्ती लाखाच्या वर होती. त्याच वर्षी खाणमालकांनी सायनाइडचं पेटंट कोर्टातून रद्द करवून घेतलं. ज्या पद्धतीने त्यांना तारलं, तिच्या मालकाला हक्काचे पैसे देणं त्यांना जड जात होतं.