इले ओरी: कवड्यांनी मढवलेलं मस्तकाचं घर

पहिल्या नजरेत हा मुकुटच वाटतो. उंच, वर निमुळता होत गेलेला. पण डोक्यावर घालायला तो घडवलेला नाही. नैऋत्य नायजेरियातल्या योरुबा लोकांचं हे ‘इले ओरी’, म्हणजे मस्तकाचं घर. चामडं आणि कापड यांच्यावर कवड्या शिवल्या आहेत, ओळीला ओळ अगदी भिडवून.

योरुबा श्रद्धेनुसार जन्माला येण्याआधी प्रत्येक जण अजाला नावाच्या स्वर्गीय कुंभाराकडे जातो आणि आपलं मस्तक स्वतः निवडतो. कच्चं भाजलेलं मस्तक पदरात पडलं, तर पृथ्वीवरचे कष्ट वाया जातात. हे आतलं, न दिसणारं मस्तक म्हणजे ओरी. ओरीची संमती नसेल तर एकही देव मदतीला येत नाही, असं योरुबा मानतात. या ओरीचं प्रतीक म्हणजे ‘इबोरी’, कवड्या शिवलेला एक छोटा शंकू. तो या घरात ठेवून त्याची पूजा करत.

आता कवड्या जवळून पाहा. ओवता याव्यात म्हणून त्यांची पाठ फोडलेली आहे. हे त्या काळचं चलन. 40 कवड्यांची एक माळ, 20,000 कवड्यांचं एक पोतं, असा हिशेब चाले. म्हणजे हे घर खऱ्याखुऱ्या पैशांनी मढवलेलं आहे. ज्याची ऐपत मोठी, त्याच्या ओरीचं घर तसं भरगच्च.

आणि ही कवडी आफ्रिकेची नव्हे, हिंदी महासागरातली. तुळजाभवानीच्या भक्तांच्या गळ्यातल्या माळेत आपण पाहतो, तीच. मालदीवच्या उथळ पाण्यातून काढलेल्या कवड्या युरोपीय जहाजांच्या तळाशी भार म्हणून भरल्या जात, ॲमस्टरडॅम आणि लंडनमध्ये विकल्या जात आणि मग पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरत. तिथे त्या मोजून माणसं विकत घेतली जात. हे न सांगता या वस्तूंना नुसतं सुंदर म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. समुद्रापार नेलेल्या त्या योरुबांनी 16 कवड्या टाकून कौल लावण्याची विद्या सोबत नेली. क्यूबा आणि ब्राझीलमध्ये ती आजही चालते.

जुनी इले ओरी मात्र फार थोडी उरली आहेत. मालक गेला, की परंपरेनुसार त्याच्या मस्तकाचं घर उसवत. सुट्या झालेल्या कवड्या वारसांकडे जात आणि बाजारात पुन्हा पैसा म्हणून खर्च होत.