शिलोहाचा बुरूज आणि किल्लारीची भाकरी

श्रोतेहो, नमस्कार.

भूकंप झाला, पूर आला, लढाई पेटली की एक प्रश्न हमखास निघतो: ही कुणाच्या पापाची शिक्षा? आम्हा ख्रिस्ती मंडळीतही निघतो. बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानात, तेराव्या अध्यायात, येशू शिलोहाच्या बुरुजाचा विषय काढतो. तो कोसळून अठरा माणसं मेली. ती इतरांहून अधिक पापी होती का? येशूच विचारतो आणि येशूच सांगतो, नाही. पुन्हा सांगते, नाही. पश्चात्ताप करायला तो सांगतो ते ऐकणाऱ्यांना.

३० सप्टेंबर १९९३ची पहाट आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. आदल्या रात्री अनंत चतुर्दशीचं विसर्जन. चारच्या सुमाराला जमीन हलली, फडताळातली भांडी खाली आली, सगळी गल्ली रस्त्यावर. पोरांच्या केसांत अजून गुलाल होता. उजाडल्यावर किल्लारीची बातमी आली. माळवदाची घरं, दगडमातीच्या रुंद भिंती, झोपलेली माणसं तशीच गाडली गेलेली. कुणी म्हणालं देव कोपला. आमच्यातलं कुणी म्हणालं, शेवटचा काळ आला. आईनं परात ओढली आणि ज्वारीचं पीठ घेतलं. "कडक करा गं, मऊ भाकरी उद्यापर्यंत टिकायची नाही," एवढंच ती बोलली. शेजारच्या पद्मशाली मावशींनी विड्यांचं सूप बाजूला सारलं आणि त्या चुलीपाशी बसल्या. समोरच्या कानडी काकूंनी शेंगाचटणीचा डबा रिकामा केला. दुपारपर्यंत दोन चादरींची गाठोडी झाली. न्यायला आला तो मंडळाचाच टेम्पो, रात्री ज्यात गणपती गेला होता तोच. हौद्यात झेंडूच्या पाकळ्या तशाच पडलेल्या. आईनं गाठोड्यावर हात ठेवून प्रार्थना केली. मंडळाची पोरं चपला काढून, हात जोडून उभी राहिली. तिचं "आमेन" झालं, पोरं "मोरया" म्हणाली आणि टेम्पो सुटला.

आईला ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं तोंडपाठ होती. ती टाळ-पेटीवरच म्हणावीत असं माझं ठाम मत आहे. गिटारीवर ती पोरकी वाटतात. असो.

६ फेब्रुवारी २०२३ला तुर्कस्तान-सीरियात भूकंप झाला, पन्नास हजारांवर माणसं गेली. त्यात अंताक्या शहर कोसळलं. बायबलातलं अंत्युखिया ते हेच. शिष्यांना ख्रिस्ती हे नाव पहिल्यांदा तिथं मिळालं. बायबलातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात ते आहे. आणि त्याच अध्यायात पुढं काय आहे? दुष्काळ येणार असं कळताच त्या मंडळीनं, ज्याला जसं जमेल तसं, यहूदियातल्या भावांना साहाय्य धाडलं. नाव मिळालं आणि लगेच वर्गणी निघाली.

म्हणून आमच्या पाळकसाहेबांना मी सांगत असते, जगात कुठं घरं पडली तर त्या रविवारी उपदेशाच्या आधी दानाची पिशवी फिरवा. प्रश्नोत्तरं मागाहून होऊ देत.